पेटीखालचा पाटा

मित्रांनो, मला एकट्याने उचलायला जाऊ नका. पायावर पडलो तर नख जाईल आणि दोष माझ्या माथी येईल. मी कमानीचा एक जुना पाटा आहे. ट्रेलरच्या चाकापाशी वाकून पाहिलंत, तर धनुष्यासारख्या वाकलेल्या लोखंडी पट्ट्यांची एक चळत दिसेल. ती कमान, आणि तिच्यातला एकेक पट्टा म्हणजे पाटा. रायपुरात आम्हाला पट्टा म्हणतात, वर्ध्याकडे पाटा म्हणतात. मला दोन्ही नावं चालतात. भंगार म्हटलेलं मात्र चालत नाही.

माझा जन्म भट्टीतला. मी आधी एक सरळ, साधी पट्टी होतो. मला लालबुंद तापवलं, साच्यावर वाकवलं आणि तसंच तेलात बुडवलं. त्या तेलात मला माझा स्वभाव मिळाला. वजन आलं की खाली जायचं, वजन गेलं की परत वर यायचं. चळतीत सगळ्यांत लांब मी आणि माझ्याखाली एकापेक्षा एक आखूड असे माझे धाकटे भाऊ. गाडीच्या सांगाड्याला मी स्वतः अडकलेलो असायचो, म्हणून मला थोडा तोरा होता. तो अजून पुरता गेलेला नाही.

पहिली नोकरी एका सरकारी मोजणी खात्याच्या ट्रेलरखाली केली. तंबू, दुर्बिणी आणि पाण्याचे पिंप घेऊन आम्ही छत्तीसगढभर धूळ खाल्ली. दुसऱ्या बाजूच्या चाकावर माझ्यासारखाच एक पाटा होता, माझा जोडीदार. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण खड्डा आला की दोघंही एकदमच कण्हायचो.

मग राज्य नवं झालं आणि रायपूर राजधानी झालं. जो तो नवं आणायच्या घाईत. कुठे शाळेत कचेरी बसली, कुठे कचेरीच्या दारात नवे फलक लागले, आणि जुनं सामान लिलावात निघालं. त्यात आमचा ट्रेलरही निघाला. तो घेतला बाबारावांनी.

बाबाराव मूळचे वर्ध्याचे. रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात नोकरी केली, रायपूरचेच झाले आणि त्याच सुमारास निवृत्त झाले. हात रिकामे राहिले की या माणसाला चैन पडत नसे. त्यांनी आमच्या ट्रेलरवर लाकूड आणि पत्र्याची एक खोली उभी केली. दोन बाक, झोपायला फळी, स्टोव्हला कोपरा, खिडकीला जाळी. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्याला सगळे 'फिरता घर' म्हणू लागले.

त्यांच्या पत्नी लताबाई कमरेवर हात ठेवून ते पाहत होत्या.

"अहो, हे काय करून राहिले तुम्ही? अंगणात वाळवण टाकाले जागा नाही ठेवली."

"घर आहे, घर! चाकावालं. तू म्हणशील तिथं नेतो तुले."

"मले महालक्ष्म्यांत वर्ध्याले नेलं तरी लई झालं. बाकी अमरकंटक तुम्हीच पाहा."

बोलल्या तशा, पण पहिल्या फेरीला पोळ्यांचा डबा घेऊन सगळ्यांत आधी जीपमध्ये त्याच बसल्या. जीप पुढे, आम्ही मागे. अभनपूरवरून राजिमच्या जत्रेला गेलो, नदीच्या वाळूत मुक्काम केला. येणारे-जाणारे थांबून पाहायचे. बाबारावांना शाबासकी मिळायची, खिडकीच्या जाळीचंसुद्धा कौतुक व्हायचं. खाली वाकून आमच्याकडे कुणी पाहायचं नाही. त्याचं मला वाईट वाटायचं, ते कशाला लपवू?

पाहिलं नाही म्हणून ग्रीस लावलं नाही, ग्रीस नाही म्हणून पाणी शिरलं, पाणी शिरलं म्हणून आम्हा भावांमध्ये गंज बसला. शिवाय लताबाईंना पितळेची भांडी सोडून स्वयंपाक करता येत नसे. काही वर्षांत माझा बाक जाऊन मी जवळजवळ सरळ झालो. ट्रेलर चाकांवर टेकला आणि टायर वरच्या पत्र्याला घासू लागला. बाबाराव म्हणायचे, "आवाज तं येणारच, गाडी आहे."

त्यानंतर एका उन्हाळ्यात वर्ध्याहून फोन आला. बाबारावांचे थोरले भाऊ श्यामकांत बोलत होते. या घराण्याच्या महालक्ष्म्या त्यांच्याकडे. दरवर्षी भाद्रपदात ज्येष्ठा आणि कनिष्ठा तिथे बसायच्या, आणि लताबाई रायपुरातून जाऊन सोळा भाज्यांत हात घालायच्या. मुखवटे शाडूचे, सासूबाईंनी स्वतःच्या हातांनी रंगवलेले. त्यांच्या डोळ्यांत काजळाची रेघ ओढायचं काम लग्नापासून लताबाईंकडे होतं. कनिष्ठेचा डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित लहान आहे, हे त्यांच्याशिवाय कुणाच्या ध्यानात नव्हतं. ज्या चेहऱ्यांना त्या इतक्या जवळून ओळखत होत्या, ते त्यांच्या स्वतःच्या घरात एकदाही आले नव्हते.

"लता," श्यामकांत म्हणाले, "तुझ्या जावेचे गुडघे गेले. आमच्यानं आता एवढं होत नाही. यंदा तुम्ही घेऊन जा महालक्ष्म्या."

लताबाईंनी पदराला हात पुसून फोन दोन्ही हातांनी धरला.

"पण एक ध्यानात ठेव," ते पुढे म्हणाले. "रेल्वेच्या गर्दीत मी त्या देणार नाही. आईच्या हातचे मुखवटे आहेत. तडा गेला तं पूजता येत नाही, नदीत शिरवा लागते. मंग आई परत येऊन करून देणार आहे का?"

फोन ठेवल्यावर लताबाई अंगणात आल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी वाकून खाली पाहिलं. घासलेला टायर पाहिला, गंजलेला मी पाहिला.

"अहो, याच्यात आणाच्या का महालक्ष्म्या? हे तं स्वतःच कंबर मोडून बसलं."

तिथून माझे दिवस भरले.

बीरगावच्या रस्त्याला भैय्यालालचं कमानीचं दुकान होतं. त्याने मला हातोडीने वाजवून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "बाबूजी, कमानी बैठ गई है. नई डलवाओ, थोड़ी तगड़ी. पर पहले वजन करा लो. जितना सामान लेके चलोगे, उतना भर के."

सांगणं अगदी बरोबर होतं. पुढे जे झालं ते फक्त आमच्याच पाऱ्यात होऊ शकतं. फिरतं घर धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलायच्या मोठ्या काट्यावर चढणार, ही बातमी पसरली आणि साऱ्या शेजारणी तयार होऊन आल्या. येताना सदर बाजारात उतरवून द्या म्हणाल्या. पितळेची भांडी, धान्याचे डबे, गाद्या, पाण्याची टाकी असं सगळं आधीच भरलं होतं. त्यावर या दाटीवाटीने बसल्या. चालत्या ट्रेलरमध्ये माणसांनी कधी बसू नये, हे मी तुम्हाला सांगून ठेवतो. त्यांना सांगायची माझी काही सोय नव्हती.

काट्यापाशी ट्रकांनी चिखलाचा नुसता राडा केला होता.

"या चिखलात कोण उतरते, माय? साडी नवी आहे," एक म्हणाली. बाकीच्यांनी पदर आवरून खाली नजर टाकली आणि आहेत तिथेच बसून राहिल्या. लताबाईही बसूनच राहिल्या. बाबाराव काट्यावाल्याशी वॅगनच्या गोष्टी करण्यात गुंग. ट्रेलर काट्यावर चढला, वजन झालं, ट्रेलर उतरला. माझ्या अंगावर सारा पारा बसला होता. कुणाचं वजन किती हेसुद्धा मी सांगू शकलो असतो, पण मला विचारतो कोण?

तेवढ्या वजनाच्या कमानी भैय्यालालने केल्या. त्यात बाबारावांनी वॅगनचा हिशोब आणला. "आणखी एकेक पाटा वाढव. मजबूत चीज कधीही चांगली."

"बाबूजी, कड़क हो जाएगी."

"होऊ दे. महालक्ष्म्या आणाच्या आहेत, गोष्ट आहे का?"

आम्हाला आवळून धरणारे यू-बोल्ट इतके गंजले होते की कापावे लागले. मी धपकन जमिनीवर पडलो आणि शेजारी माझा जोडीदार येऊन पडला. इतक्या वर्षांनी आमची भेट झाली ती अशी. नव्या कमानी काळ्याकुळकुळीत, जाड, ताठ. ट्रेलर एकदम उंच झाला. खोटं कशाला बोलू, दिसायला रुबाबदार होता.

भैय्यालाल आम्हाला भंगाराच्या ढिगाकडे ढकलणार, तेवढ्यात लताबाई म्हणाल्या, "ते दोन लांबवाले राहू द्या, भैया. घरी नेतो. लोहाराकडून विळी करून घेईन, चांगलं पोलाद आहे."

विळी! माझ्या अंगावर काटा आला असता, पण अंगावर आधीच गंज होता.

आता लताबाई बोलायला साध्या, पण सहजासहजी विश्वास ठेवणाऱ्या नव्हेत. नव्या कमानींचं बाबारावांनी कितीही कौतुक केलं, तरी त्यांनी स्वतःची एक परीक्षा लावली. रात्री पातेल्यात दही विरजलं आणि सकाळी ते पातेलं झाकून, ज्या जागी मुखवट्यांची पेटी ठेवायची त्या जागी ठेवलं. "अभनपूरपर्यंत जाऊन येऊ. दही मोडलं नाही तं महालक्ष्म्याही मोडत नाहीत."

आम्ही दोघं फळीखाली पडून होतो, तेव्हा ती फेरी मी चांगली अनुभवली. ट्रेलर चालत नव्हता, उड्या मारत होता. नव्या कमानी वजनाची वाट पाहत होत्या आणि वजन काही येत नव्हतं. खडा आला की घर हवेत. मिठाची बरणी फुटली, आरसा निखळला. परत आल्यावर लताबाईंनी झाकण काढलं. आत पाणी-पाणी झालेलं ताक होतं, आणि त्यातलं अर्धं फळीवर सांडलेलं.

"नवं आहे, बसाले वेळ लागते," बाबाराव म्हणाले.

"मी नाही ठेवणार याच्यात."

"अवं, इतका खर्च करून..."

"मी नाही म्हटलं ना! भाऊजींना फोन करून सांगा, यंदाही आम्हीच येतो म्हणून." एवढं बोलून त्या आत गेल्या. दार लागलं, आणि दाराआड त्या रडल्या. बाबाराव बराच वेळ नव्या कमानीवर हात फिरवत उकिडवे बसून राहिले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याच्या घरी काजळ घातलं, तिचं एवढंसं मागणं माझ्या जागी बसवलेल्या लोखंडाने मोडलं होतं.

फोन करायचं बाबाराव आज-उद्या करत राहिले. तेवढ्यात श्रावणातला सोमवार आला. शेजारणींना महादेव घाटावर जायचं होतं आणि फिरतं घर दारात उभं. पुन्हा सगळ्या आत बसल्या. नैवेद्याला दही लागतं म्हणून लताबाईंनी तेच पातेलं तिथेच ठेवलं होतं. त्या दिवशी त्यांच्या मनात कसली परीक्षा नव्हती. घाटावर उतरून झाकण काढलं तर दही जसंच्या तसं, सुरीने कापून घ्यावं असं.

लताबाई पातेल्याकडे पाहत राहिल्या. मग उतरणाऱ्या शेजारणींकडे पाहिलं. मग पुन्हा पातेल्याकडे.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "काट्यावर वजन केलं, तेव्हा आपल्यातलं खाली कोण उतरलं होतं?"

बाबाराव बोटांवर मोजू लागले.

"कोणीच नाही उतरलं. मीही नाही," लताबाई म्हणाल्या. "वर्ध्याहून येताना का हा पारा बसवून आणाचा आहे आपल्याले?"

भैय्यालालला हे कळलं तेव्हा तो पाना हातात घेऊन खाली बसला आणि पोट धरून हसला. "दीदी, मैंने भी तो नहीं पूछा कि अंदर कौन बैठा है. गलती में मेरा भी हिस्सा है." मग माणसं उतरवून, नुसत्या सामानाचं वजन पुन्हा केलं. त्या हिशोबाने त्याने चळतीतून पाटे कमी केले. बाबारावांचा वाढीव पाटा तर सगळ्यांत आधी गेला. ट्रेलर आता उड्या मारेना. पुन्हा अभनपूरपर्यंत नेऊन आणलेलं दही मोडलं नाही, पण कडेने थोडं पाणी सुटलं.

"रस्ता खराब आहे, एवढं तं होणारच," बाबाराव म्हणाले.

"दह्याले चालते. शाडूले चालत नाही."

आणि इथे माझी पाळी आली. आम्ही दोघं अंगणात विटांवर टेकवून ठेवलेले होतो, लोहाराकडे जाण्यासाठी. लताबाई गव्हाची गोणी ओढत आणत होत्या. दम लागला म्हणून त्यांनी ती आमच्यावर ठेवली. आम्ही खाली गेलो, जरा वर आलो, पुन्हा जरा खाली, आणि शांत झालो. आमच्या स्वभावात तेच आहे. लताबाईंनी गोणीवर हात ठेवून दाबलं. पुन्हा आम्ही तसेच अलगद खाली-वर.

"अहो! इकडे या. हे पाहा कसं झुलून राहिलं. पेटी याच्यावर ठेवली तं?"

बाबाराव आले, दाबून पाहिलं, पुन्हा दाबून पाहिलं. मग रंधा काढायला गेले. त्यांनी दोन लाकडी ठोकळ्यांत आमची टोकं सरकती बसवली आणि आमच्यावर पेटीची फळी आवळली. आमचा गंज घासून काढला, ग्रीस लावलं. इतक्या वर्षांनी अंगाला ग्रीस लागलं! ट्रेलरच्या भाराला आता आम्ही मऊ पडत होतो. पण धान्याने भरलेल्या पेटीला आमच्याइतकी मऊ कमान दुसरी सापडली नसती.

भाद्रपदात वर्ध्याला गेलो. श्यामकांत स्वतः ट्रेलरमध्ये चढले. पेटीवर हात ठेवला तर पेटी हलली.

"अगं, हे तं हलते! देवाची पेटी घट्ट बांधाची सोडून..."

"भाऊजी, पाहा." लताबाईंनी पेटीत दह्याचं पातेलं ठेवलं आणि ट्रेलरच्या जमिनीवर जोरात पाय आपटला. जमीन हादरली, पातेलं नुसतं डुललं. श्यामकांतांनी तीनदा पाय आपटून पाहिला. मग ते घरात गेले आणि मुखवटे स्वतःच्या हातांनी घेऊन आले. पेटीतल्या गव्हात एकेक करून त्यांनीच ते पुरले. निघताना जाऊबाईंनी आपल्या घरचं विरजण दिलं, सासूबाईंच्या वेळेपासून चालत आलेलं. त्याचं दही लावलेलं पातेलं पेटीशेजारी, आमच्याच फळीवर बसलं.

राजनांदगावच्या अलीकडे रस्ता खोदून ठेवला होता. समोरून ट्रक आला, बाबारावांनी जीप कडेला घेतली आणि आमचं एक चाक खड्ड्यात गेलं. दणका असा बसला की खिडकीची जाळी सुटली. नव्या कमानींनी घर तोललं, तो मान त्यांचा. उरलेला हादरा फळीखाली आला तो आम्ही घेतला. मी इतका खाली वाकलो की कडकन मोडतो की काय असं वाटलं. त्या वेळी मी प्रार्थना केली, विळी झालो तरी चालेल, पण आज मला मोडू देऊ नको.

जीप थांबली. लताबाई धावत आल्या. पेटी उघडून गव्हात हात घातला, आणि बाबाराव दारातच उभे राहिले, आत यायला धजेनात. आधी ज्येष्ठा निघाली. मग कनिष्ठा. लताबाईंनी पदराने गव्हाची धूळ पुसली, बोट कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून फिरवलं. तडा नव्हता. किंचित लहान असलेला डावा डोळा त्यांच्याकडे पाहत होता.

"आहे ना?" बाबारावांनी विचारलं.

"आहे," त्या म्हणाल्या आणि मुखवटा छातीशी धरून रस्त्याच्या कडेला मनसोक्त रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी पातेल्याचं झाकण काढलं. दही लागलं होतं.

त्या वर्षी आमच्या पाऱ्यात महालक्ष्म्या बसल्या. काट्यावर बसलेल्या साऱ्या शेजारणी भाज्या चिरायला आल्या. कढी वर्ध्याच्या विरजणाच्या दह्याची झाली. श्यामकांत जेवायला आले, दोनदा कढी मागून घेतली आणि निघताना म्हणाले, "आता राहू दे इथंच. पुढच्या वर्षी आम्हीच येतो."

मित्रांनो, याला आता बरीच वर्षं झाली. फिरतं घर विकलं गेलं, नव्या कमानी त्याच्याबरोबर गेल्या. बाबाराव आता नाहीत. पेटीला कुठे जायचं नाही, तरी आम्ही दोघं तिच्याखाली आहोत, घरातल्या फडताळात. वर्षातून एकदा लताबाई आम्हाला ग्रीसचं बोट लावतात. तुमच्याही घरात कुणी गंजून, वाकून कोपऱ्यात पडलं असेल, तर त्याला टाकण्याआधी एवढंच पाहा, की त्याच्यावर आजवर कुणाकुणाचं ओझं होतं. आणि आता त्याला किती झेपेल, तेही हात ठेवून पाहा.

परवा लताबाईंची नात देवश्री आली होती. मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत देते. मुखवटे काढायला मदत करताना तिचा हात पेटीवर पडला आणि आम्ही सवयीने खाली-वर झालो.

"दादी, ये तो हिलता है. टाइट करवा दूँ?"

"नको वो पोट्टी," लताबाई म्हणाल्या. त्यांनी काजळाची डबी उघडली आणि कनिष्ठेचा डावा डोळा आधी घेतला. "हलते म्हणून तं हिला तडा नाही गेला."